सूर कुठं लागला

भात पिवळं पडायला लागलं की माझा डावा कान वाजायला लागतो. बाहेर काहीच वाजत नसतं. कुंडलिकेवरून येणारी हवा कोरडी झालेली असते, शेतातलं पाणी आटून चिखलाला भेगा पडत असतात, आणि कानात एक बारीक शिट्टी सुरू होते. तार षड्जाच्याही वर कुठंतरी, कोणत्याच सुरात न बसणारी. डॉक्टर म्हणतात, हवेचा आणि याचा काही संबंध नाही. नसेल. पण या कानाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि कापणीच्या दिवसांत तो गप्पही बसत नाही.

आता आमच्या रोह्याच्या आसपास कापणीला यंत्र येतं. सकाळी उभं असलेलं शेत जेवणवेळेपर्यंत मोकळं होतं. पूर्वी विळ्यांची खरखर दिवसभर चालायची, बायका वाकून एका ओळीत पुढं सरकायच्या. वास मात्र तोच आहे, ओलसर पेंढ्याचा, थोडा गोड, थोडा कुजका. माझ्या नाकात त्या वासाबरोबर नेहमी राळेचा वास येतो. व्हायोलिनच्या गजाच्या केसांना घासतात ती राळ, काचेसारखी पिवळी, घासली की पांढरी पूड उडवणारी. पेंढा आणि राळ हे दोन वास एकमेकांना कधी भेटायचं कारण नाही. माझ्या आयुष्यात ते भेटले, आणि मग सुटले नाहीत.

याच दिवसांत संगीताच्या परीक्षा येतात. आईबाप घाईला येतात. परवा एक गृहस्थ मुलीला माझ्याकडं शिकायला घेऊन आले. सभ्य माणूस, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. निघताना चपला घालता घालता म्हणाले, ऐकत नसेल तर द्या एक कानाखाली, आमची काही हरकत नाही. मुलगी शेजारीच उभी होती. ते हसत म्हणाले. मीही रीत म्हणून हसायला गेले, पण ओठ हलले नाहीत.

माझे बाबाही असंच म्हणाले होते. शब्द वेगळे होते इतकंच. ते म्हणाले होते, "हाडं आमची, कातडं तुमचं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा धाटावच्या एका कारखान्यात शिफ्टला होते. त्यांच्या कपड्यांना कायम एक औषधी, उग्र वास असायचा. आईनं कितीही धुतले तरी तो जायचा नाही. देवळातल्या उत्सवात त्यांनी एकदा व्हायोलिन ऐकलं, आणि आपल्या पोरीनं हे वाजवायचं, असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मुंबईहून कुणाकडून तरी जुनं व्हायोलिन मिळवलं, आणि माझं बोट धरून मला वसंतमास्तरांच्या पडवीत नेऊन बसवलं.

वसंतमास्तर हे रोह्यातलं मानाचं नाव. बारीक अंगाचे, पांढरा लेंगा, पांढरा सदरा, नखं मुळापासून कापलेली. वाजवायला बसले की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. मी त्यांच्याइतका गोड गंधार अजूनही कुणाकडून ऐकलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यामुळं ते खोटं ठरत नाही.

त्यांच्याकडं एक मोडका गज होता. केस गळून गेलेले, नुसती काडी उरलेली. त्या काडीनं ते शिकवायचे. ज्या बोटाची चूक, त्याच बोटावर मार. पेरावर, नखाच्या बरोबर मागं, जिथं हाड वरच असतं. दुसऱ्या बोटाला धक्का लागायचा नाही इतका नेम. आणि मारता मारता तो सूर स्वतः गाऊन दाखवायचे. आवाज मऊ, लांब, कुठं कंप नाही. चेहऱ्यावर राग नसायचा. रागावलेला माणूस थकतो तरी. हे थकायचे नाहीत. सुताराला खिळा ठोकताना खिळ्याचा राग येतो का? तसं होतं ते.

"खुंटी पिळल्याशिवाय तार सुरात येत नाही," असं ते म्हणत. मग कुणाचा तरी कान धरून पिळत. पोरं आधी हसायची, नंतर हसायची बंद झाली. माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा गजाला हात लावायच्या आधीच थरथरायचा. एकदा त्याची चड्डी ओली झाली. मास्तरांनी त्याला तसंच बसवून पूर्ण आलाप वाजवून घेतला. त्याच्या वडलांना हे कळलं तेव्हा ते मास्तरांना म्हणाले की शिस्त लागली पाहिजे. वकिलाचा मुलगा असो की कोळ्याची मुलगी, मास्तरांच्या काडीला सगळे सारखे. गावात याचंही कौतुक होतं.

मी शिकले ते त्यांच्याकडंच. पहिला अख्खा पावसाळा नुसता सा. घराच्या पन्हळीतून पाणी कोसळतंय आणि आम्ही सगळे मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून, एकच सूर ओढतोय. गज तारेवरून घसरला की काडी. त्या मारानं माझा सूर पक्का झाला, हे खरं आहे. आणि शुद्ध गंधारावर बोट टेकताना ते पेर अजूनही आत ओढलं जातं, हेही खरं आहे. कितीतरी वर्षं मला वाटायचं की गोड सुराला थोडं दुखतंच.

त्या वर्षी परीक्षा जवळ आली होती आणि भात कापून चाललं होतं. मास्तरांच्या पडवीसमोरून भाऱ्यांनी भरलेल्या बैलगाड्या जात. मी भूप वाजवत होते. भूपात मध्यम नसतो, निषाद नसतो. गाडीवरून एक भारा सुटून रस्त्यात पडला, बैल बिचकले, गाडीवान ओरडला, आणि माझं लक्ष गेलं. बोट सरकलं. जो सूर त्या रागात नाहीच, तो मी लांब ओढला.

काडी त्या दिवशी जवळ नव्हती. मास्तरांनी उजवा हात उचलला आणि उघड्या तळव्यानं माझ्या डाव्या कानावर मारला. खांद्यावर व्हायोलिन होतं, म्हणून मला मान फिरवता आली नाही. आधी काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, ओलं फडकं फाडावं तसा. मग सगळं पाण्याखाली गेलं. मग ती शिट्टी.

गालावरून गरम काहीतरी ओघळलं. मी हात लावला, बोटांना रक्त लागलं. मास्तरांनीही ते पाहिलं. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला होता. क्षणभर मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून मला शब्द कळले. ते म्हणाले, "चालू ठेव."

आणि मी चालू ठेवलं. मारापेक्षा मला हेच जास्त आठवतं. रक्त हनुवटीवरून व्हायोलिनच्या लाकडावर पडत होतं आणि मी भूप पूर्ण केला, तान घेतली, शेवटचा षड्ज स्थिर धरला. पडवीतली सगळी पोरं खाली बघत होती. माझ्या हातांना थांबायचं शिकवलंच नव्हतं कुणी.

घरी आईनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. तिला तेच माहीत होतं. त्यानं आणखी बिघडलं. रात्रीपर्यंत ताप चढला, पुढं कानात पू झाला. बाबा दुसऱ्या शिफ्टहून आले, मला पाहिलं, काय झालं ते आईकडून ऐकलं आणि झोपायला गेले. मला वाटलं, त्यांना पटलं असेल. हाडं तर शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी ते कामाला निघाले, आणि मी आईबरोबर औषध आणायला बाजारात गेले. मास्तर भाजीच्या टोपल्यांसमोर उभे होते, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. बाबा समोरून आले. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता, चार पुडांचा, पितळी कडीचा. त्यांनी तो कडीला धरून फिरवला आणि मास्तरांच्या तोंडावर घातला. डबा उघडला. भात, आमटी, सुकटीची चटणी मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. बाबांनी परत मारलं. मास्तर खाली बसले. बाबा मारत राहिले, तोंडावर, कपाळावर, मानेवर. शेंगा सगळीकडं पसरल्या होत्या आणि बाबांच्या पायाखाली चिरडत होत्या.

मास्तरांनी प्रतिकार केला नाही. तोंडही झाकलं नाही. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. बोटं वाचवत होते. तोंड पुढं करून बोटं वाचवणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. त्यांचा पुढचा दात तुटला, ओठ फाटला, आणि हात मात्र तसेच काखेत. माणसांनी बाबांना ओढून बाजूला नेलं तेव्हाही ते हात बाहेर आले नव्हते.

मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. आणि ती बोटं वाचावीत असंही त्याच क्षणी वाटलं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. गावात काही दिवस चर्चा झाली, आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं की चूक बाबांचीच. गुरूवर हात टाकला. मास्तरांची पडवी तशीच भरत राहिली. बाबांच्या हाताची बोटं सुजली होती. आई रात्रीचा स्वयंपाक टाकून त्यांच्या हाताला हळदीचा लेप लावत बसली, तोच लेप माझ्या गालालाही. आई गागोद्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. नवऱ्यापुढं सहसा बोलायची नाही. त्या संध्याकाळी लेप लावता लावता, वर न बघता म्हणाली,

"हाडं आमची म्हनालात ना? कानाच्या पडद्यात कुठं हाड हाय? मग तो कोनाचा धरायचा?"

बाबांनी हात ओढून घेतला. त्यांनी मला परत कधी व्हायोलिनबद्दल विचारलं नाही.

ताप उतरल्यावर मी व्हायोलिन खांद्याला लावून पाहिलं. व्हायोलिन डाव्या कानाशी बोलतं. तिथं आता फक्त शिट्टी होती. सूर लांबून, शेजारच्या घरात कुणी वाजवावा तसा उजव्या कानात येत होता. मी परत परत ओढून पाहिलं. मग उठले, मागच्या दारी गेले, व्हायोलिनची मान दोन्ही हातांनी धरली आणि धुण्याच्या दगडावर आपटलं. पहिल्या आपटीत पोट फुटलं. तारा सुटून माझ्या मनगटाला लागल्या, वळ उठले. मी आपटत राहिले, हातात नुसता दांडा उरेपर्यंत. माझा हात बाबांसारखाच फिरत होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आई चुलीपुढं तांदूळ निवडत होती. तिनं पाहिलं, अडवलं नाही. नंतर तुकडे गोळा करून बंबात घातले. त्या पाण्यानं मी अंघोळ केली. रंग जळल्याचा वास घरात राहिला.

कानासाठी पेणला जावं लागायचं. रोह्याहून सकाळची गाडी पकडायची, नागोठणं, कासू, पेण. डॉक्टरांचा दवाखाना भाताच्या गिरणीला लागून होता. कापणीनंतरचे दिवस, गिरण सतत चालू. दवाखान्यातलं बाकडं तिच्या धडधडीनं हलायचं. एकदा वीज गेली आणि गिरण थांबली. बाकडं मात्र हलत राहिलं, वेगळंच, हळू आणि खोल. माझ्या मांड्यांना ते कळत होतं, उजव्या कानाला जेमतेम. मी आईला विचारलं. तिनं वर बोट दाखवलं. गिरणीच्या माडीवर कुणीतरी काहीतरी वाजवत होतं.

ते रूबेनकाका होते. पेणच्या जुन्या इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांतले. त्यांचे बहुतेक नातलग देश सोडून गेले होते. काका जन्मभर मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवत होते. मग एका माणसाच्या कीबोर्डमधून सगळी वाद्यं निघायला लागली आणि स्टुडिओतून बोलावणी यायची थांबली. ते पेणला परतले, गिरणीच्या माडीवर दोन खोल्या घेऊन राहिले. चेलो मी तोवर पाहिला नव्हता. व्हायोलिनच्या आजोबासारखं ते प्रचंड लाकूड माणसाच्या गुडघ्यांत उभं होतं.

आई मला घेऊन वर गेली. तिनं कानाचं सांगितलं, कसं झालं तेही सांगितलं. काकांनी उठून हातातला चहाचा कप भिंतीवर फेकला. कप फुटला, चहा भिंतीवरून ओघळला. आई माझा हात धरून दाराकडं सरकली. काकांनी केरसुणी आणली, काचा झाडल्या, आणि मला म्हणाले, "बस इथं. घाबरू नको, मी कपच फोडतो फक्त."

ते खरं होतं. त्यांच्या भिंतीवर असे बरेच डाग होते.

त्यांनी मला चेलोमागं बसवलं, गज दिलाच नाही. म्हणाले, सगळ्यात जाड तार बोटानं ओढ आणि सोड. मी सोडली. त्यांनी विचारलं, "सूर कुठं लागला?"

माझा हात आपोआप डाव्या कानाकडं गेला. मला वाटलं ते विचारतायत, मार कुठं लागला. काकांनी मान हलवली. परत ओढ, म्हणाले. मी ओढली. आता कळलं. छातीच्या हाडात लागला होता. गुडघ्यांच्या आतल्या बाजूला लागला होता. दुसरी तार ओढली तर बरगड्यांत वर सरकला. दातांत आला. त्या लाकडाला माझ्या कानाशी काही देणंघेणं नव्हतं. ते सरळ अंगाशीच बोलत होतं.

कित्येक आठवडे तेवढंच. तार ओढायची आणि कुठं लागला ते सांगायचं. मग गज आला. चूक झाली की ते थांबवायचे नाहीत. उलट म्हणायचे, तोच चुकीचा सूर धर. आणखी लांब. आणखी. आपल्याच चुकीच्या सुरात इतका वेळ बसायचं की ती चूक आपल्यालाच सोसेना, आणि बोट आपण होऊन सरकावं. हे मारापेक्षा सोपं होतं असं कुणी समजू नये. मार संपतो. हे संपायचं नाही. पहिल्या वर्षी मी चिडून दोनदा गज फेकला. त्यांनी उचलला नाही, मलाही उचलायला सांगितला नाही. आम्ही दोघं त्या पडलेल्या गजाकडं बघत बसलो, खाली गिरण चालू झाली तरी बसलो.

एकदा मी विचारलं, तुम्ही मारत का नाही. ते म्हणाले, "मारायला एक तरी हात मोकळा लागतो. चेलोवाल्याचे दोन्ही गुंतलेले." आणि हसले. मग हसणं थांबवून म्हणाले की लहानपणी त्यांच्या बँडमास्तरनं त्यांना पट्ट्यानं मारलं होतं, आणि त्या मारातलं एक गाणं त्यांना अजून वाजवता येत नाही. कोणतं गाणं ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन कापण्या गेल्या. काकांनी माझं नाव परीक्षेला घातलं. चेलो असं कुठं लिहायला जागाच नव्हती, त्यांनी गजाचं तंतुवाद्य असं लिहून टाकलं. परीक्षा पेणमध्येच, एका शाळेत. व्हरांड्यात बाकं टाकलेली, आत एकेकाला बोलवत होते. रोह्याची मुलंही आली होती. त्यांच्याबरोबर वसंतमास्तर.

त्यांच्या पुढच्या दाताच्या जागी फट होती. त्यांनी मला पाहिलं, चेलोकडं पाहिलं, आणि नजर फिरवली. मी भिंतीला पाठ लावून बसले. माझ्या उजव्या कानानं मी त्यांना ऐकत होते. ते एका मुलीला भूप म्हणून दाखवत होते. तसाच मऊ आवाज.

मुलगी असेल नऊ-दहा वर्षांची, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. तिचं नाव मंगल, हे मला नंतर कळलं. तिची वाजवायची पाळी जवळ आली आणि तिच्या व्हायोलिनची तार ताण देता देता तुटली. तुटलेली तार तिच्या हातात लोंबत होती. मास्तरांनी तिची एक वेणी धरली, डोकं भिंतीशी दाबलं आणि दुसरा हात उचलला. तळवा उघडा होता.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. माझ्या डाव्या हातात त्यांचं मनगट होतं.

"सोड," ते म्हणाले.

"तिचा कान आहे तो," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

"तुझ्या बापानं दात पाडला. तू हात मोडणार?"

चेलोच्या जाड तारांनी माझी बोटं टणक झाली होती. त्यांच्या मनगटाची बारीक हाडं मला एकेक करून जाणवत होती. थोडं पिळलं असतं तर काम झालं असतं. आणि मला पिळायचं होतं. किती पिळायचं होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. मी पिळायला सुरुवातही केली. तशी त्यांची धडपड थांबली. ते अगदी स्तब्ध झाले, डोळे माझ्या मुठीवर. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि ते पाहायला गोड वाटलं, शुद्ध गंधारासारखं गोड.

मागून रूबेनकाका आले. त्यांनी मला हात लावला नाही. "वेणी सोडलीय त्यानं," ते म्हणाले. "तूही सोड. तुला आत वाजवायचंय."

खरंच सोडली होती. मीही सोडलं. मास्तरांनी मनगट छातीशी धरलं, बोटं एकेक हलवून पाहिली, आपल्या मुलांना घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. मंगल तिथंच राहिली. मला वाटलं ती मला बिलगेल. ती माझ्याकडं रागानं बघत होती. नाक पुसत म्हणाली, "आता मला कोन शिकवनार?"

तिच्या दृष्टीनं मी तिचा गुरू घालवला होता. काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ही शिकवील," ते म्हणाले, आणि मला आत ढकललं.

आत मी कसं वाजवलं ते विचारू नका. गज तारेवर उड्या मारत होता. परीक्षकांनी बराच वेळ त्या वाद्याकडंच पाहिलं, एकानं चष्मा काढून पाहिलं. पास केलं. तेवढंच.

मास्तरांनी मंगलला परत घेतलं नाही. त्यांची शिकवणी पुढं बरीच वर्षं चालली, आणि बऱ्याच मुलांनी त्यांच्याकडून चांगला गंधार नेला. ते वारले तेव्हा मी गेले नाही, पण त्या संध्याकाळी भूप वाजवला, मन लावून. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. माणूस आणि त्याचा सूर वेगळे काढता आले असते तर बरं झालं असतं. माझ्या अंगात ते दोन्ही एकाच ठिकाणी लागलेत.

मंगलची आई पुढच्याच रविवारी आमच्या घरी आली. मिठागरावर कामाला जाणारी बाई, पायांच्या टाचा पांढऱ्या पडलेल्या. माझ्या आईशी ओटीवर बसून बोलली. पोरगी घरात व्हायोलिन घेऊन रडते, म्हणाली, आणि मग माझ्याकडं वळून, तू शिकायला ठेव गो बाय तिला. मी अजून शाळेत होते. शिकवायचं म्हणजे काय करायचं, मला ठाऊक नव्हतं. काकांकडं बघून जे कळलं होतं तेवढंच.

मंगल ओटीवर माझ्यासमोर मांडी घालून बसली. व्हायोलिन शेजारी चटईवर ठेवलं. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, बोटं ताणून, पेरं वर करून, आणि डोळे मिटले. अजून काही वाजवलंच नव्हतं. ती मारासाठी हात आधीच द्यायला बसली होती.

मी म्हणाले, हात खाली घे. तिनं घेतले नाहीत. मी म्हणाले, मी मारत नाही. तिनं डोळे आणखी घट्ट मिटले. तिला ते आणखी एक वाक्य वाटलं, मारायच्या आधीचं. आई आतून डोकावून गेली. मी गजाला राळ लावली, तो आवाज ऐकून तिचे खांदे वर गेले. मी गज दूर ठेवला. मग मी काहीच केलं नाही. नुसती बसले.

ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलं. रस्त्यानं भाऱ्यांची एक गाडी गेली. कारखान्याचा भोंगा झाला, बाबा आले, आम्हां दोघींकडं बघून आत गेले. मंगलचे हात पुढंच होते. नदीकडून डास यायची वेळ झाली. तिच्या पोटरीवर एक बसला. मी पाहत होते, ती सोसत होती. शेवटी तिला राहवलं नाही. तिनं एक डोळा उघडला, उजवा हात खाली नेला आणि पाय कराकरा खाजवला.

तो हात तिनं परत वर केला नाही.